पांढरं पडलेलं पोवळं

पवनेच्या काठी, चिंचवड गावठाणाच्या बाहेर, जिथे पूर्वी वीटभट्टी होती तिथे १९८२ सालच्या सुरुवातीला एक पत्र्याची शेड उभी राहिली आणि अख्खा परिसर तिकडे धावत सुटला. रविवारी सकाळी रांग पार रस्त्यापर्यंत यायची. रात्रपाळी संपवून थेट आलेले कामगार, कपड्यांवर तेलाचे डाग तसेच. मोशीहून बसने आलेली कुटुंबं. महाळुंग्याहून बैलगाडीत घोंगडीवर निजवून आणलेली एक म्हातारी. कुणाला दमा, कुणाला कावीळ, कुणाला मूल होत नव्हतं, तर कुणाला नुसतंच कसंतरी होत होतं. सगळ्यांना आत जायचं होतं, कारण आत म्हणे समुद्र होता.

समुद्र म्हणजे काचेच्या तीन टाक्या. विटांच्या लांबलचक ओट्यावर ओळीने मांडलेल्या, ओट्याला बाहेरून पांढऱ्या फरशा, वर लाल कापड. प्रत्येक टाकीत तळाला वाळू, खारं पाणी आणि त्या पाण्यात मुठीएवढा एक तपकिरी, ओबडधोबड गोळा. दागिन्यातलं लाल पोवळं ज्यांना माहीत होतं त्यांची आधी निराशा व्हायची. मग पोवळेबाबा बोलायला लागायचे.

"समुद्रमंथनातून चौदा रत्नं निघाली हे तुम्हाला कीर्तनात सांगितलं. पंधरावं सागराने मांडीखाली दाबून ठेवलं ते कुणी सांगितलं का? नाही. ते हे. जिवंत पोवळं. तुमच्या अंगठीतलं मेलेलं असतं, ते काय करणार? आता मला सांगा, कंपनीत मॅग्नेट वापरता ना? मॅग्नेट लोखंड ओढतो. हा रोग ओढतो. सायन्स आहे हे, सायन्स."

सायन्स म्हणताना बाबा हिरव्या कफनीच्या बाहीतून सोनेरी घड्याळाचा हात वर करायचे. लोक माना डोलवायचे. ज्या माणसाला मॅग्नेट कसा काम करतो हे विचारलं असतं तर त्याने डोळे मिटून घेतले असते, त्याच्या तोंडी तो शब्द आला की लोकांना वाटायचं, बाबा शिकलेले आहेत.

पद्धत अशी होती. रोग्याच्या नावाने टाकीत पोवळं बसवायचं. दोन-तीन दिवसांनी घरच्यांनी बघायला यायचं. पोवळं तपकिरीच राहिलं तर श्रद्धा कमी पडली. पांढरंशुभ्र झालं तर रोग ओढला गेला. तेव्हा बाबा घरच्यांना टाकीत बोट बुडवायला सांगायचे. "लागतंय का कोमट? रोग्याच्या अंगातली आग आहे ती. उतरतेय पाण्यात." आणि पाणी खरोखरच कोमट असायचं. मग ते पांढरं पोवळं रोगासकट पवनेत सोडायचं आणि मागे वळून बघायचं नाही.

मी कुतूहलापोटी रांगेत उभी राहून हे सगळं पाहिलं तेव्हा मला आधी हसूच आलं. पण तिसऱ्या टाकीपाशी भिंतीला टेकून बसलेली यशोदाबाई दिसली आणि माझं हसू गेलं.

मी कोण ते सांगते. मी मालवणजवळच्या एका मासेमाराच्या घरातली. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकले, लग्न होऊन चिंचवडला आले आणि इथल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवते. चाळीत सगळे मला बाई म्हणतात. आमच्या भिंतीपलीकडच्या खोलीत ज्योतीराम राहायचा. बहात्तरच्या दुष्काळात बीडकडून आलेला, एका कारखान्यात हीट ट्रीटमेंटला, म्हणजे पोलाद तापवून कडक करायच्या खात्यात, लागलेला. यशोदाबाई त्याची बायको. तिला क्षय झाला होता. रोज दवाखान्यात जाऊन सुई घ्यायची, मूठभर गोळ्या गिळायच्या, असं वर्षभर तरी चालायचं होतं. काही महिन्यांत तिचा खोकला थांबला, अंगावर मांस चढलं. पापड लाटताना ती गाणं म्हणायला लागली, ते मला भिंतीतून ऐकू यायचं. आणि मग माघात ती दवाखान्यात जायची थांबली. मी विचारलं तेव्हा ज्योतीराम म्हणाला होता, "बरी झाली बाई ती." मला वाटलं, डॉक्टरांनीच तसं सांगितलं असेल.

आता ती पुन्हा खोकत होती, शेजारी ज्योतीराम उभा होता. लुगड्याचा पदर तोंडाशी धरलेला, आणि पदरावर लाल ठिपका.

"ज्योतीराम, सुई कुणी बंद केली?" मी विचारलं.

तो चाचरला. "बाबांनी पयल्यांदा पोवळं बसवलं तवा ते पांढरं झालंच न्हाई. बाबा म्हणले, सुई चालू हाय ना? सुई रोगाला आतच कोंडती. पोवळं कसं वढणार? म्हणून बंद केली. मंग दुसऱ्या बारीला बसवलं तर बगा, दुधावानी पांढरं झालं. पानी बी कोमट लागलं. मी सोता बोट घालून पायलं."

"मग आता ही का खोकते?"

"मूळ राहिलंय म्हणले, म्हणून तिसऱ्यांदा बसवलंय. गोळ्या बी घरातून काढून टाका म्हणले."

तिथे, त्या गर्दीत, मला राग म्हणजे काय ते कळलं. एखाद्याने खोटं औषध विकावं, पैसे लुबाडावेत, हे मी समजू शकते. चोर ओळखीचा असतो. पण या माणसाला सुई बंद करायची होती. का? तर दवाखान्यात जाणारा माणूस बरा झाला तर नाव दवाखान्याचं व्हायचं. आणि त्यासाठी त्याने काय केलं? सुई घेत होती तेव्हा पोवळं तपकिरी ठेवलं. सुई सोडली तेव्हा पांढरं केलं. हे दोन्ही त्याच्या हातात होतं, म्हणजे ती भीती आणि तो आनंद त्याने ठरवून दिलेला होता. हे तेव्हा मला सिद्ध करता येत नव्हतं, पण कळत मात्र होतं.

कारण ते पोवळं मी ओळखलं होतं. आमच्याकडे ओहोटीला खडक उघडे पडतात तेव्हा असले गोळे पायाखाली येतात. लहानपणी आम्ही त्यांच्यावरून उड्या मारायचो. आणि ते पांढरे कशाने पडतात तेही मला माहीत होतं.

आमची पाळी आली तेव्हा मी यशोदाबाईच्या टाकीत बोट बुडवलं. कोमट. मग लाल कापडाखाली हात घालून ओट्याच्या फरशीवर तळवा टेकवला. फरशी पाण्यापेक्षा गरम होती, नुकत्या उतरवलेल्या तव्याजवळची जागा असते तशी.

"बाई, ओट्याला हात लावायचा नाही," बाबांचा एक चेला धावला.

"का?"

"पावित्र्य असतं."

मी हात काढला. रोग्याच्या अंगातली आग पाण्यात उतरत असेल, तर आधी पाणी तापेल आणि मग त्याच्याखालच्या विटा. इथे विटाच जास्त तापल्या होत्या. म्हणजे आग खालून वर येत होती. एवढा विचार करायला विज्ञानाची पदवी लागत नाही, चूल पेटवता आली की पुरे.

बाहेर पडताना मी चेल्याला गोडीत विचारलं, "नवीन पोवळं कधी बसवतात हो?"

"रोज. फक्त बुधवार आणि गुरुवार सोडून. गुरुवारी सागर मौन धरतो."

आता आमच्या पट्ट्यातल्या शेंबड्या पोराला माहीत आहे की गुरुवारी काय होतं. गुरुवारी लाइट जाते. कारखान्यांना सुट्टी त्याच दिवशी, सकाळपासून संध्याकाळपर्यंत सगळं बंद. गुरुवारी गिरणी नाही, वेल्डिंग नाही, पंखा नाही. बुधवारी बसवलेलं पोवळं गुरुवारी थंड पडलं असतं. पण लोकांना गुरुवार म्हटलं की उपवास आणि दत्त आठवतो, लाइट आठवत नाही. ज्या वारी कंपनी बंद असते म्हणून हे लोक घरी बसतात, त्याच वारी बाबांचा सागर का बंद असतो, हा प्रश्न रांगेतल्या एकालाही पडला नव्हता.

पुढच्या गुरुवारी मी मुद्दाम गेले. शेड जवळजवळ रिकामी होती. फरशी गार, पाणीही गार.

मी घरी येऊन ज्योतीरामला सांगितलं. त्याला पटलं नाही. "विटा तापल्या म्हणून काय झालं बाई? रोग जड असतो, खाली उतरत असंल. पन रंग कसा गेला? रंग तर बाबांनी चुना लावून न्हाई ना घालवला? माझ्या डोळ्यांदेखत जित्तं पोवळं पांढरं झालं."

हा माणूस काय काम करतो ते त्याने मला कितीदा रंगवून सांगितलं होतं. पोलाद तापत गेलं की आधी वाळल्या गवतासारखं पिवळं होतं, मग तपकिरी, मग जांभळं, मग निळं. त्या रंगावरून तो सांगायचा की आता काढा, अजून ठेवा. साहेबाच्या मीटरआधी त्याचा डोळा बरोबर सांगायचा. रोज आठ तास, तापवलं की रंग बदलतो, हेच बघून पोट भरणारा माणूस टाकीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, रंग कसा गेला.

"आणि दवाखाना?" मी विचारलं. "आजच तिला घेऊन जा."

"पोवळं बसलंय अजून. आत्ताच सुई दिली तर उलटेल म्हणले बाबा."

यशोदाबाई आतून म्हणाली, "बाई, तुमचं खरं असंल. पन पोवळं पांढरं झालेलं मी बी बगितलंय. तुमी दुसरं काय दावता?"

तिचं बरोबर होतं. मी नुसतं बोलत होते आणि बाबा दाखवत होता. मी माझ्या भावाला, किसनला, मालवणला फोन लावला. पोस्टात तासभर बसले तेव्हा लागला.

"किसन, मला दोन पवळां हवीत. जिती. समुद्राच्या पाण्यात, झाकण लावलेल्या कॅनमध्ये. माशाच्या गाडीने घेऊन ये."

"तुका वेड लागला काय गो?" तो ओरडला. फोनवर तो नेहमीच ओरडतो. "मागच्या महिन्यात एक हिरवो कफनीवालो येऊन पंचवीस घेऊन गेलो. खडक बोडको केल्यान. आता तू."

म्हणजे माल कुठून येत होता तेही कळलं. मी त्याला सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, "दोनच हाडतंय. एका बोटाच्या जाडीएवढा वाढाक त्यास्नी वर्ष लागता, ठावक आसा ना?"

किसन आला आणि त्याने मोठमोठ्या बरण्यांत स्वतःच्या हाताने ती पोवळी ठेवली. चाळीच्या व्हरांड्यात मी दोन रिकामे बिस्किटांचे पत्र्याचे डबे पालथे घातले. दोन्हींच्या आत बल्ब बसवले, कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायला लावतात तसे. वायरिंग केलं भीमराजने. भीमराज ज्योतीरामच्याच कंपनीत मेंटेनन्सला वायरमन, पलीकडच्या बौद्धवस्तीत राहायचा, दोघांची जुनी दोस्ती. एका डब्यावर एक बरणी, दुसऱ्यावर दुसरी. पाणी तेच, वाळू तीच, उजेड तोच. फरक एकच होता. एका डब्यातला बल्ब लावला, दुसऱ्यातला लावला नाही. शाळेतून आणलेले दोन थर्मामीटर पाण्यात उभे केले.

"कुणाच्या नावाने बसवलंत?" ज्योतीरामने विचारलं.

"कुणाच्याच नाही."

बघायला सगळी चाळ जमली. मी त्यांना सांगितलं ते असं. हे पोवळं म्हणजे दगड नाही आणि झाडही नाही. डोळ्याला जेमतेम दिसतील अशा प्राण्यांची ती वस्ती आहे. त्यांनी चुन्याची घरं बांधलेली आहेत. आणि त्या प्राण्यांच्या अंगात त्याहूनही बारीक, सूक्ष्मदर्शकाशिवाय न दिसणारं शेवाळ भाड्याने राहतं. हा तपकिरी रंग त्या शेवाळाचा आहे, पोवळ्याचा नाही. शेवाळ उजेडात अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं घरमालकाला देतं. त्यावर पोवळं जगतं. पाणी नेहमीपेक्षा थोडं जास्त तापलं, चटका बसेल इतकं नव्हे, दोन-चार अंशच, आणि तसंच तापलेलं राहिलं, की यांचा संसार मोडतो. शेवाळ बाहेर पडतं. मागे उरतं पारदर्शक अंग आणि त्यातून दिसणारा चुन्याचा सांगाडा. म्हणून ते पांढरं दिसतं.

"म्हंजी मेलं?" यशोदाबाईने विचारलं. ती दारात बसून ऐकत होती.

"लगेच नाही. पण त्याला जेवण देणारा गेला. उपाशी असतं ते."

किसन म्हणाला, "आमच्याकडे वैशाखात ओहोटीक डबकी तापली की असाच होता. पाणी लवकर थंड झाला तर परत रंग येता. नाय झाला तर मरतत. मगे त्याच्यार काळा शेवाळ धरता, आणि तिथे मासो पण येणा नाय."

"आख्खा समुद्रच तापला तर?" भीमराजने विचारलं.

"समुद्र कशाक तापतलो रे," किसन हसला. मी हसले नाही, कारण उत्तर मला माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बल्बवरच्या बरणीतलं पोवळं पांढरंफटक होतं. शेजारचं तपकिरी होतं तसंच. ज्योतीराम रात्रपाळीवरून आला, डबा खाली ठेवला आणि दोन्ही बरण्यांत एकेक बोट बुडवलं. एकदा इकडे, एकदा तिकडे, परत इकडे. त्याचा चेहरा बघवत नव्हता.

"ताव दिला की रंग बदलतो," तो हळूच म्हणाला. "एवढंच हाय व्हय हे."

"एवढंच."

"आनि मी तिची सुई बंद केली."

त्याच दुपारी तो यशोदाबाईला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेला. पण मला तेवढ्यावर थांबायचं नव्हतं. शेडबाहेर अजून रांग लागत होती, आणि त्या रांगेत किती जणांच्या सुया बंद होत होत्या कोण जाणे.

रविवारी आम्ही गेलो. मी, ज्योतीराम, भीमराज, आणि टोपलीत दोन बरण्या. किसनलाही यायचं होतं, पण तो बाबाला मारेल या भीतीने मी त्याला परत पाठवून दिलं होतं.

गर्दीतून वाट काढत मी बाबांसमोर पांढऱ्या पोवळ्याची बरणी ठेवली. "बाबा, याने कुणाचा रोग ओढला, सांगाल का?"

बाबांनी बरणी निरखली. पाखंडी माणूस गडबडेल असं तुम्हाला वाटत असेल तर ते चूक आहे. त्याला पोटापाण्याचा सराव असतो. "मुली, तुझ्या घरातल्याच कुणाचा तरी," ते प्रेमाने म्हणाले. "नकळत ओढला. तू भाग्यवान आहेस."

"घरातल्या कुणाच्याही नावाने बसवलं नव्हतं. बल्बवर ठेवलं होतं. आणि हे दुसरं तिथेच होतं, त्याच्याखालचा बल्ब बंद होता. रोग काय बल्ब बघून येतो?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. बाबांचा आवाज चढला. "शाळेतल्या चार बुकांनी समुद्र मोजता येतो का? ज्यांची श्रद्धा नाही त्यांनी बाहेर व्हावं. सागराचा कोप झाला तर मला बोल लावू नका."

"कोप गुरुवारी होत नाही ना?" भीमराज म्हणाला. "गुरुवारी लाइट नसते."

चेले पुढे सरसावले. एकाने भीमराजची कॉलर धरली, दुसऱ्याने टोपलीला लाथ घातली, बरणी फुटली आणि खारं पाणी माझ्या पायांवर आलं. तेवढ्यात मागून काठी आपटल्याचा आवाज आला. आबाजी होते. गावातले जुने, वीटभट्टीची ती जागा त्यांची, बाबांना त्यांनीच फुकट दिलेली. गुडघ्यासाठी त्यांचं स्वतःचं पोवळं दोनदा पांढरं झालं होतं आणि तरी ते काठी टेकतच चालत होते.

"सोडा रं त्याला. काय म्हनतोय तो?"

"आबा," भीमराज कॉलर सोडवून घेत म्हणाला, "ती काळी वायर बघा, छताच्या कडेनं मागच्या खोलीत गेलीया. मागच्या खोलीत ओट्याला दार असणार. मला उघडून बघू द्या. काही न्हाई निघालं तर इथंच माझं थोबाड फोडा."

"ती माझी पूजेची खोली आहे," बाबा म्हणाले. "तिथे कुणी जायचं नाही."

आबाजींनी बाबांकडे पाहिलं, मग ओट्याकडे. सावकाश पुढे आले, लाल कापड वर केलं आणि सुरकुतलेला हात फरशीवर ठेवला. हात तसाच राहिला. "वट्टा माझ्या जागंत हाय," ते म्हणाले. "मीच उघडतो."

मागच्या खोलीत पूजा नव्हती. एक खाट होती, रेडिओ होता, कोपऱ्यात खाऱ्या पाण्याचे कॅन रचलेले, आणि ओट्याच्या मागच्या अंगाला पत्र्याची तीन झाकणं. आबाजींनी पहिलं उघडलं. आत दोन मोठे बल्ब जळत होते. दुसऱ्या झाकणामागे अंधार होता. तिसऱ्यामागे पुन्हा उजेड. भिंतीवर तीन बटणं. भीमराज एकेक बटण दाबत गेला आणि आम्ही दारातून बघत राहिलो. लाइट लागली, लाइट गेली.

"म्हंजे पहिल्या आणि तिसऱ्या टाकीवाल्याचा रोग जानार," भीमराज म्हणाला, "आनि मधल्याची श्रद्धा कमी."

मधल्या टाकीवाला एक तरुण बाप होता, कडेवर पोरगी. त्याने बाबाकडे पाहिलं, आणि बाबाने मान खाली घातली.

ज्योतीराम पुढे झाला. मला वाटलं, आता हा मारणार. पण त्याने हात उचलला नाही. "सुई चालू हुती तवा माझ्या बायकोचं बटन तू बंद ठेवलंस," तो म्हणाला. "बंद केल्यावर लावलंस. तुला ठाऊक हुतं ना, तिला काय झालंय ते?"

"मी कुणावर जबरदस्ती केली नाही," बाबा पुटपुटला. तो त्याचा शेवटचा मंत्र.

पोलीस आले. तक्रार द्यायला कोण पुढे येतं विचारलं तर सगळी गर्दी चपला शोधायला लागली. लोकांना फसल्याचं दुःख कमी आणि फसलो हे शेजाऱ्याला कळेल याची लाज जास्त. ज्योतीराम, मी आणि भीमराज, तीन सह्या झाल्या. बाबा दोन दिवसांत सुटला आणि पसार झाला. पावसाळ्यात ऐकलं की घाटापलीकडे कुठेतरी तो आता शंखाचं पाणी देतो. दिवसभर माणसं तिकडे रांग लावून उभी असणार, आणि त्यांच्यातल्या कुणाची तरी सुई चालू असणार.

यशोदाबाईचं सांगायचं राहिलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला तपासलं, छातीचा फोटो काढला आणि ज्योतीरामला बाहेर बोलावून सांगितलं. औषध अर्ध्यावर सोडलं की जे जंतू मरायचे राहतात ते त्या औषधाला सरावतात. मग तीच सुई परत दिली तरी पहिल्यासारखी लागू पडत नाही. मधे गेलेल्या महिन्यांत एक फुप्फुस जवळजवळ संपलं होतं. त्यांनी दुसरी औषधं दिली. ज्योतीरामने ओव्हरटाइम केला, तिला स्वतःच्या हाताने अंडं भरवलं, रोज सुईला नेलं, एक दिवस चुकू दिला नाही. यशोदाबाई श्रावणात गेली. ती चौतीस वर्षांची होती.

दहाव्या दिवशी चाळीत बायका बसल्या होत्या. सोजराबाई, समोरच्या खोलीतली, डोळे पुसत माझ्याकडे न बघता म्हणाली, "चांगलं पांढरं झालं हुतं पोवळं. बाईंनी तिथं जाऊन बरण्या फोडल्या, सागराचा अपमान झाला. त्यानंच गेली बिचारी."

दोघी-तिघींनी होकारात मान हलवली. त्यांच्यातल्या एकीने स्वतःच्या डोळ्यांनी ते बल्ब पाहिले होते. मी रागाने तोंड उघडणारच होते. चार महिन्यांपूर्वी जे सगळ्यांसमोर उघडं करून दाखवलं ते या बायकांनी परत झाकून ठेवलं होतं.

ज्योतीराम दारात बसला होता, डोकं मुंडवलेलं. तो उठला. "न्हाई," तो म्हणाला. "कुनाचा बी कोप झाला न्हाई. सुई बंद झाली म्हणून गेली ती. आनि सुई मी बंद केली. मावशे, कुनी इचारलं तर हेच सांग. दुसरं काय सांगू नको."

मी शिकवते म्हणून मला लोक विचारतात की देव मानायचा की नाही. ते तुमचं तुम्ही ठरवा. मला एवढंच सांगायचं आहे. पाणी कोमट लागलं तर ते कुणी तापवलं ते शोधा. रंग गेला तर कशाने गेला ते विचारा, आणि दोन बरण्या ठेवून बघा. कुणी विचारायला मनाई केली, तर तिथेच समजा की मागच्या खोलीत काहीतरी आहे. आणि तुमच्या घरात कुणाचं औषध चालू असेल आणि कुणी येऊन ते बंद करायला सांगितलं, मग तो कफनीतला असो की सुटाबुटातला, तर त्याला विचारा, तुला कसं कळलं. तो उत्तर देईल, मग पुरावा मागा. पुरावा मिळेपर्यंत सुई घेत राहा.